नव्या सामाजिक प्रयोगासाठी अनुदान कसे मिळवावे: गोव्यातील सेवाभावी संस्थांसाठी मार्गदर्शन

अनुदानासाठी प्रस्ताव लिहायला बसलेली संस्था पहिल्या पानावर बहुधा आपल्या स्थापनेचा इतिहास, आजवर झालेली शिबिरे आणि मिळालेले सत्कार यांची माहिती देते, आणि नेमके काय करायचे आहे हे सातव्या-आठव्या पानावर सांगते. नेहमीच्या सेवाकार्यासाठी हा क्रम एखादे वेळी चालून जातो. सामाजिक नवोपक्रमासाठी, म्हणजे एखाद्या जुन्या प्रश्नावर आजवर न वापरलेला उपाय करून पाहण्यासाठी, तो चालत नाही. सेवेसाठी देणगी देणारा माणूस किती जणांना लाभ होईल हे विचारतो, तर प्रयोगासाठी अनुदान देणारा या पैशातून आपल्याला काय कळेल हे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार नसलेल्या संस्थेने प्रस्ताव पाठवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खालील सर्व पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

आधी प्रश्न ठरवावा

पुढील विवेचन हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सत्तरी तालुक्यातील काही वाड्यांवर वृद्ध माणसे एकटी राहतात. मुले पणजीत, वेर्णा औद्योगिक वसाहतीत किंवा परदेशात नोकरीला आहेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे बँकेत जमा होतात, वाळपईला आरोग्य केंद्रही आहे, परंतु औषध संपले, चक्कर आली किंवा एखादा अर्ज भरायचा राहिला, तर हाक मारायला जवळ कोणी नसते. अशा वेळी स्वयंसाहाय्य गटातील सहा महिलांना प्रशिक्षण देऊन प्रत्येकीकडे पंधरा वृद्ध सोपवावेत, तिने आठवड्यातून दोनदा घरी जावे, रक्तदाब मोजावा, औषधे पाहावीत आणि गरज पडल्यास आरोग्य केंद्राशी बोलावे, असे एखाद्या संस्थेला वाटते. या महिलांना आपण 'शेजारीण' म्हणू.

'वृद्धांची सेवा करणे' हा या प्रयोगाचा प्रश्न होऊ शकत नाही. तो संस्थेचा उद्देश आहे. प्रयोगाचा प्रश्न असा मांडता येईल: प्रशिक्षित शेजारीण नियमित घरी आल्यामुळे रक्तदाबाची औषधे न चुकता घेणाऱ्या वृद्धांचे प्रमाण वाढते का, आणि हे काम दरमहा माणशी किती रुपयांत होते? या एका वाक्यातून काय मोजायचे, कोणाचे मोजायचे आणि पुढे हे काम चालवायला किती पैसे लागतील, या तिन्ही गोष्टी ठरतात. संस्थेच्या कार्यकारिणीने एकत्र बसून असे वाक्य लिहावे. ते दोन ओळींत मावत नसेल, तर कल्पना अजून कच्ची आहे असे समजावे.

नावीन्य म्हणजे नवे यंत्र किंवा मोबाइल अ‍ॅप असलेच पाहिजे, हा गैरसमज येथे दूर करायला हवा. गोव्यात अनेक संस्था केवळ दात्याला आवडेल म्हणून अ‍ॅपची कल्पना प्रस्तावात घालतात आणि नंतर ज्या वाड्यावर मोबाइलचे नेटवर्क धड मिळत नाही तेथे ते कसे चालवायचे या विवंचनेत पडतात. आधीपासून असलेल्या माणसांना आणि व्यवस्थांना नव्या रीतीने जोडणे हाही नवोपक्रमच आहे, आणि बहुधा तोच टिकतो.

कागदपत्रे: गोव्यापुरत्या काही खास गोष्टी

मराठीत उपलब्ध असलेले बरेचसे मार्गदर्शन महाराष्ट्रातील संस्थांसाठी लिहिलेले असते, आणि त्यात धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक मागितलेला असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम गोव्याला लागू नाही. येथील बहुतेक सेवाभावी संस्था संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार नोंदवलेल्या असतात, तर काही कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील कंपन्या असतात. दात्याच्या अर्जात धर्मादाय आयुक्तांचा रकाना असेल, तर तो रिकामा न सोडता आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली व कोणत्या कार्यालयात झाली आहे हे तेथे लिहावे. सोसायटी असल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे सादर करणे १८६० च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे. ही यादी वर्षानुवर्षे न दिलेल्या संस्था थोड्या नाहीत, आणि दात्याचे पडताळणी पथक नेमकी तीच मागते.

आयकराच्या बाजूने दोन गोष्टी लागतात. कलम १२ एबी खालील नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, आणि ८० जी मान्यतेमुळे देणगीदाराला. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. नियमित नोंदणीसाठीचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपण्यापूर्वी किमान सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावा लागतो. ही तारीख विसरल्यामुळे हातातोंडाशी आलेले अनुदान गेल्याची वेळ संस्थांवर येते, म्हणून ती कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात जुने क्रमांक अजून चालतात, पण अर्जात काय लिहायचे हे आपल्या सनदी लेखापालांना विचारूनच ठरवावे.

याशिवाय नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरील ओळखक्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन आणि बँक खात्याचा तपशील हाताशी असावा. एक सूचना अनुभवावरून करतो: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि बँक खाते या तिन्हींवर संस्थेचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते तपासावे. मी ज्या एका प्रस्तावात मदत केली होती, तो मंजूर होऊनही केवळ नावातल्या एका शब्दाच्या फरकामुळे पहिला हप्ता चार महिने अडकला, आणि त्या काळात नेमलेल्या दोन कार्यकर्त्यांना पगार देता आला नाही. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ नुसार अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. मोठे दाते तिचा ठराव मागतात.

परदेशस्थ गोंयकारांचे पैसे

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण येथे चूक होते ती चांगल्या हेतूने. गावच्या कामासाठी इंग्लंड, पोर्तुगाल किंवा आखातातील गोंयकार सढळ हाताने पैसे पाठवतात. त्यांपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. मात्र ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परदेशी योगदान ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असो, त्यांचे घर डिचोलीत असो, की दर चतुर्थीला ते गावी येत असोत. ती स्वीकारण्यासाठी परदेशी योगदान (विनियमन) अधिनियम २०१०, म्हणजेच एफसीआरए खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. म्हणून देणगी स्वीकारताना देणगीदाराचे नागरिकत्व विचारून त्याची लेखी नोंद ठेवावी. आपल्याच माणसाला असे विचारणे जड जाते हे खरे, पण ते आधी विचारले तर त्याची आणि संस्थेची दोघांचीही अडचण टळते.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी आणि तिने मागील तीन आर्थिक वर्षांत मुख्य कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, मग तिच्याकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. त्यामुळे 'मोठी संस्था परदेशी पैसे घेईल आणि आपल्याला देईल' हा पूर्वीचा मार्ग आता बंद आहे. उलट, परदेशी भागभांडवल विहित मर्यादेत असलेल्या भारतीय कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी काढून ठेवलेला निधी, मात्र परदेशी मानला जात नाही. गोव्यातील औषधनिर्मिती कंपन्यांकडे जाताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण काही संस्था केवळ भीतीपोटी त्यांचे दारच ठोठावत नाहीत.

योग्य दाता शोधणे

सीएसआर हा सर्वांत ओळखीचा मार्ग. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते, आणि त्यात कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही नमूद आहे. वेर्णा, कुंडई, थिवी येथील औद्योगिक वसाहती आणि वास्कोतील सार्वजनिक क्षेत्रातील जहाजबांधणी उद्योग यांचा विचार या दृष्टीने करावा. कंपनीच्या मागील वार्षिक अहवालात सीएसआरचे परिशिष्ट असते. त्यात तिने कोणत्या विषयावर, कोठे आणि किती खर्च केला ते दिलेले असते. ते वाचल्याशिवाय भेट मागू नये.

संस्थेला सीएसआर निधी घ्यायचा असेल, तर सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. त्याहून नव्या संस्थेने अनुभवी संस्थेच्या नेतृत्वाखाली भागीदार म्हणून काम करावे, आणि ही गोष्ट प्रस्तावातच उघडपणे सांगावी. वेळेचेही भान हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा निरोप बहुधा उरलेला निधी खर्ची घालण्याच्या गरजेतून आलेला असतो, त्यात प्रयोगाला लागणारी सवड नसते. दीड-दोन वर्षांच्या प्रयोगासाठी कंपनीने तो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करावा अशी विनंती करावी. अशा प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत देता येते आणि न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहते.

तंत्रज्ञानाचा भाग असलेल्या प्रयोगासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा समता, सक्षमीकरण व विकास यासाठीचा 'सीड' विभाग आणि आरोग्यविषयक सामाजिक नवोपक्रमासाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची 'स्पर्श' योजना यांच्या घोषणांवर लक्ष ठेवावे. शेती, खाजन जमिनी किंवा स्वयंसाहाय्य गटांशी निगडित काम असेल, तर नाबार्डच्या पणजीतील प्रादेशिक कार्यालयाशी आधी तोंडी बोलून घ्यावे. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील अटल इन्क्युबेशन सेंटर, फातोर्ड्याचे फायर आणि वेर्ण्याचे सिबा ही केंद्रे उद्योजकांसाठी असली, तरी आपल्या कल्पनेची छाननी करून घेण्यासाठी आणि तांत्रिक भागीदार शोधण्यासाठी तेथे जाऊन बसणे फायद्याचे ठरते.

सोशल स्टॉक एक्स्चेंजविषयी, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात असलेल्या स्वतंत्र विभागाविषयी, अलीकडे बरीच विचारणा होते. तेथे नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी, तिचा मागील वर्षाचा खर्च ५० लाख रुपये आणि मिळालेला निधी १० लाख रुपये तरी असावा लागतो. ज्या लहान संस्थांसाठी हा लेख लिहीत आहे, त्यांनी तूर्त त्या वाटेला जाऊ नये.

प्रस्तावाचा मजकूर आणि अंदाजपत्रक

प्रस्ताव दहा पानांपेक्षा मोठा नसावा. पहिल्या पानावर प्रश्न, उपाय, कालावधी, मागितलेली रक्कम आणि अखेरीस काय कळेल, एवढेच असावे. त्यानंतर समस्येचा पुरावा द्यावा. देशाची आकडेवारी उद्धृत करण्यापेक्षा आपण स्वतः तीन वाड्यांवर घरोघरी जाऊन केलेली नोंद शंभर पटीने वजनदार ठरते. पंचायत, अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि सध्याच्या शासकीय योजना यांचा आपल्या कामाशी काय संबंध आहे, हे स्पष्ट लिहावे. आपला प्रयोग त्यांची जागा घेत नाही, तर त्यांच्यातील कोणती फट बुजवतो, ते छाननी करणाऱ्याला कळले पाहिजे.

अंदाजपत्रकात लपवाछपवी करू नये. आपल्या उदाहरणात दीड वर्षाचा हिशेब असा होईल. सहा शेजारणींना अर्धवेळ कामाचे दरमहा ८,००० रुपये धरले, तर १८ महिन्यांचे ८,६४,००० रुपये. समन्वयकाचे दरमहा २५,००० प्रमाणे ४,५०,०००. प्रशिक्षण १,२०,०००, रक्तदाब व साखर मोजण्याची उपकरणे ३६,०००, प्रवास ९०,०००, आणि बाहेरच्या व्यक्तीकडून मूल्यमापन १,५०,०००. ही बेरीज १७,१०,००० रुपये होते. त्यावर हिशेब, लेखापरीक्षण, भाडे व वीज यांसाठी दहा टक्के, म्हणजे १,७१,००० रुपये धरले की एकूण मागणी १८,८१,००० रुपये. नव्वद वृद्धांसाठी हा खर्च दरमहा माणशी सुमारे १,१६१ रुपये येतो.

आता याहून महत्त्वाचा आकडा काढावा. प्रशिक्षण, उपकरणे आणि मूल्यमापन हे खर्च प्रामुख्याने प्रयोगाचे आहेत. ते वगळून केवळ मानधन, समन्वय, प्रवास आणि त्यावरील दहा टक्के धरले, तर दरमहा माणशी सुमारे ९५३ रुपये लागतात. प्रयोग यशस्वी झाला तर पुढे हे ९५३ रुपये कोण देणार, याचे प्रामाणिक उत्तर प्रस्तावात असले पाहिजे: परदेशी असलेल्या मुलांकडून वर्गणी, पंचायतीचा वाटा, की शासनाची योजना. 'समाजाच्या सहभागातून उपक्रम स्वयंपूर्ण होईल' या वाक्याने छाननी करणाऱ्याचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

दहा टक्के प्रशासकीय खर्च मागायला अनेक संस्थाचालक संकोचतात. मग हिशेबनिसाचा पगार कोणीतरी स्वतःच्या खिशातून देतो आणि दोन वर्षांत थकून जातो. हिशेब ठेवणे हा कामाचाच भाग आहे आणि त्याचे पैसे मागणे रास्त आहे.

वेळापत्रक आखताना गोव्याचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. जून ते सप्टेंबर पावसात सत्तरी, सांगे, काणकोणच्या दूरच्या वाड्यांवर जाणे कठीण होते. चतुर्थीच्या आठवड्यात सर्वेक्षण होत नाही. शिगमा आणि गावची जत्रा यांच्या काळात घरात माणसे भेटतात, पण वेळ मिळत नाही. पायाभूत सर्वेक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि अंतिम सर्वेक्षण पुढच्या-पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिलमध्ये, अशी आखणी या प्रयोगाला सोयीची आहे.

मोजमाप

तीन-चार गोष्टीच मोजाव्यात, पण सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच पद्धतीने मोजाव्यात. आपल्या उदाहरणात औषधे नियमित घेणाऱ्यांची संख्या, रक्तदाब मर्यादेत असलेल्यांची संख्या आणि प्रत्यक्ष झालेल्या भेटींची संख्या पुरेशी आहे. शक्य असल्यास ज्या शेजारच्या वाड्यावर उपक्रम नाही तेथील वृद्धांचीही तीच नोंद ठेवावी, म्हणजे बदल आपल्या कामामुळे झाला की ऋतूमुळे, याचा अंदाज येतो. त्या वाड्यावर कोणाचा रक्तदाब धोकादायक आढळला, तर मात्र तुलनेची पर्वा न करता त्याला ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे, आणि हे प्रस्तावातही लिहावे. आरोग्याची माहिती गोळा करताना प्रत्येकाची संमती त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे कोकणीत किंवा मराठीत, घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मुळे ही आता कायदेशीर जबाबदारी होत आहे.

मंजुरीनंतर

करारपत्रावर सही करण्यापूर्वी हप्ते कोणत्या अटीवर मिळणार, एका शीर्षकातील रक्कम दुसऱ्यात वळवण्यास किती मुभा आहे आणि घेतलेल्या उपकरणांची मालकी कोणाची, हे तीन मुद्दे वाचून घ्यावेत. शासकीय अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतील जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावे लागते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून खतावणीची शीर्षके त्याला जुळतील अशीच ठेवावीत. प्रत्येक अनुदानाचा हिशेब स्वतंत्र असावा.

अनुदानाचा मोठा हप्ता मार्चच्या शेवटी आला, तर एक अडचण उद्भवते. करसवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च व्हावा लागतो, आणि चार दिवसांत ते शक्य नसते. रक्कम पुढील वर्षी खर्च करण्याचा किंवा विशिष्ट कामासाठी साठवण्याचा पर्याय कायद्यात आहे, परंतु त्यासाठीचा अर्ज विहित मुदतीतच भरावा लागतो. हप्ता जमा झाल्याच्या आठवड्यातच लेखापालांना कळवावे.

काम अपेक्षेप्रमाणे होत नसेल, तर ते दात्याला अहवालाची वाट न पाहता सांगावे. सहापैकी दोन शेजारणींनी काम सोडले, भेटी निम्म्यावर आल्या, अशी माहिती मिळाल्यावर समंजस दाता कारण विचारतो आणि योजनेत बदल करू देतो, कारण त्याने पैसे याच माहितीसाठी दिलेले असतात. हीच गोष्ट अंतिम अहवालात प्रथमच वाचायला मिळाली, तर तो दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

रक्कम उरत असेल, तर मुदत संपण्यापूर्वी किमान दोन महिने आधी, जादा निधी न मागता केवळ कालावधी वाढवून मिळावा, असे पत्र कार्यकारिणीच्या ठरावासह द्यावे. मुदतवाढ नाकारली गेल्यास उरलेली रक्कम दात्याच्या लेखी सूचनेनुसारच परत करावी, तिची पोच घ्यावी आणि ती पोच त्या वर्षाच्या लेखापरीक्षणाच्या धारिकेत लावावी.